तारेच्या टोकापलीकडचे गाव : १९२० चे दशक, मुंबई आणि चांदीप

इतिहासाच्या पुस्तकांत १९२० च्या दशकातील अमेरिकेचे एक ठरलेले चित्र असते. गुडघ्यापर्यंतचा झगा घातलेली, केस मानेपर्यंत कापलेली तरुणी नाचते आहे, मागे कोणी सॅक्सोफोन वाजवतो आहे आणि कोपऱ्यात ग्रामोफोन आहे. अशा तरुणींना तिकडे ‘फ्लॅपर’ म्हणत. त्या दशकाला ‘जॅझ युग’ हे नाव रूढ झाले ते एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या लेखकाच्या १९२२ मधील कथासंग्रहाच्या शीर्षकावरून.

हे चित्र पाहून विद्यार्थ्यांचा असा समज होतो की, बदल म्हणजे कपडे आणि नाच, आणि तो आधी अमेरिकेत घडला व सावकाश आपल्याकडे पोहोचला. या समजुतीची तपासणी करायला दूर जाण्याची गरज नाही. मुंबईचे फोर्ट ते विरारच्या पूर्वेचे चांदीप एवढा, सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपासचा पट्टा पुरेसा आहे. चांदीप आज वसई-विरारच्या परिसरात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. त्या काळी हा सर्व भाग ठाणे जिल्ह्यात होता. एकाच दशकात या पट्ट्याच्या दोन टोकांना काय घडत होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की ‘सामाजिक बदल’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते लक्षात येते.

तीन मिनिटांचे संगीत

सुरुवात जॅझपासूनच करू. हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरातील कृष्णवर्णीय वादकांनी घडवले. त्याची पहिली तबकडी मात्र १९१७ मध्ये एका गोऱ्या वाद्यवृंदाने काढली. त्यानंतर काही वर्षांतच हे संगीत जगभर ऐकू येऊ लागले. इतक्या वेगाने एखाद्या शहराचे संगीत दुसऱ्या खंडात पोहोचण्याची ही जवळजवळ पहिलीच वेळ होती. वादकांनी प्रवास करण्याआधी त्यांचा आवाज प्रवास करत होता, आणि ही किमया तबकडीची होती.

या तबकडीने संगीताला आकारही दिला. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी सुईला २३४ वळसे लागत. याहून फार अधिक वळसे एका बाजूवर मावत नसत. त्यामुळे जॅझच्या वादकांना आपला विस्तार तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावा लागला. आपल्याकडेही तेच झाले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हापासून ख्याल-ठुमरीच्या गायकांना तासाभराचा राग तीन मिनिटांत सांगण्याचे तंत्र शिकावे लागले.

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण यांत्रिक होते. गायक-वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत. आवाजाच्या लहरी कर्ण्याच्या टोकाशी बसवलेल्या पडद्याला हलवीत आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरी. ऊर्जा फक्त गळ्याची आणि वाद्याची. या पद्धतीत सुमारे २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतेचे आवाज नीट उमटत. मोठा ढोल वाजवला तर सुई उडे, म्हणून ढोल बहुधा बाहेरच ठेवत. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२३ मधील पहिल्या ध्वनिमुद्रणाविषयी सांगतात की, त्याचे कॉर्नेट इतके दणदणीत होते की त्याला बाकीच्यांपासून बऱ्याच अंतरावर उभे करावे लागले. १९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विद्युत प्रवर्धक आले. हलक्या आवाजात गाणे, खर्जातील वाद्ये, ढोलाचा ठोका हे सर्व तेव्हापासून तबकडीवर येऊ लागले.

फ्लॅपर तरुणीही केवळ हौसेतून निर्माण झाली नव्हती. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखाने, कचेऱ्या, टेलिफोनच्या खोल्या यांत स्त्रिया कामाला लागल्या. स्वतःचा पगार हाती आला. १९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला. आखूड झगा हे या बदलाचे दिसणारे टोक होते.

पण याच युगाची दुसरी बाजू पाठ्यपुस्तकातील चित्रात येत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘कॉटन क्लब’ त्या काळी सर्वांत प्रसिद्ध. तेथे वाजवणारे आणि नाचणारे कृष्णवर्णीय, पण टेबलावर बसण्याची मुभा फक्त गोऱ्यांना. १९२० चा मताधिकारही दक्षिणेकडील बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला १९६५ च्या कायद्यापर्यंत आला नाही. ज्यांच्या संगीतावरून युगाला नाव मिळाले त्यांनाच त्या युगाच्या दारात थांबावे लागले. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता मुंबईकडे वळू.

पाणी, वीज आणि शहराची रात्र

मुंबईचे १९२० चे दशक हे विजेचे दशक आहे. ट्रॅम १९०७ पासूनच विजेवर धावत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी सुरू झाली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. कोळशाच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो. विजेची गाडी लवकर वेग घेते आणि लवकर थांबते. म्हणून जवळजवळची स्थानके आणि थोड्या थोड्या वेळाने गाडी हे उपनगरी प्रवासाचे स्वरूप विजेमुळेच शक्य झाले. कचेरीत काम करणाऱ्याने वीस-पंचवीस किलोमीटरवर राहावे ही कल्पना तेव्हा रुजली.

ही वीज सह्याद्रीतून येत होती. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) अशी क्रमाने सुरू झाली. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे, हे त्यामागील तत्त्व. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. एक घनमीटर, म्हणजे १००० किलो पाणी ५०० मीटर खाली आले तर सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा मिळते, म्हणजे १.३६ युनिट. यंत्रातील घट वजा केली तर एक युनिटाहून थोडी अधिक वीज हाती येते.

या गणितात न मावणारी एक बाब आहे. भिरा केंद्रासाठी मुळशी खोऱ्यात धरण बांधायचे होते आणि त्यात मावळ्यांची गावे व भातशेती बुडणार होती. त्याविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. धरण अखेर झालेच. मुंबईच्या नाट्यगृहांचे दिवे, गिरण्यांची चाके आणि नव्या लोकलगाड्या यांच्यामागे ती बुडालेली शेते होती.

टाइपरायटर, टेलिफोन आणि रुपेरी पडदा

अमेरिकेतील तरुणीप्रमाणे मुंबईतही नव्या यंत्रांभोवती स्त्रियांसाठी नवी कामे निर्माण झाली. टेलिफोनच्या तारा हाताने जोडून देणारी मुलगी, टंकलेखिका, परिचारिका, शिक्षिका. प्रारंभी यांत अँग्लो-इंडियन, ज्यू, पारशी आणि ख्रिस्ती मुली अधिक होत्या. रूबी मायर्स ही त्यांपैकीच एक. टेलिफोनच्या खोलीत काम करणारी ही ज्यू तरुणी ‘सुलोचना’ या नावाने मूकपटांची मोठी तारका झाली. तिच्या चित्रपटांची नावेच पाहावीत : १९२६ मध्ये ‘टेलिफोन गर्ल’ आणि ‘टायपिस्ट गर्ल’, तर १९२७ मध्ये ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’. नोकरी करणारी मुलगी हा एवढा नवा विषय होता की केवळ त्या नावावर प्रेक्षक येत.

मराठी मध्यमवर्गात बदल निराळ्या वाटेने आला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले; मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर त्यांच्या आईचे नाव त्याला मिळाले. महर्षींचे पुत्र रघुनाथराव कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले ते त्याच वर्षी. या कार्यापायी १९२५ मध्ये रघुनाथरावांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत खटले व उपहास सोसून चालवले. वैज्ञानिक दृष्टीचा आग्रह घरगुती जीवनाच्या सर्वांत खाजगी भागापर्यंत नेणारा असा दुसरा माणूस त्या काळच्या महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

कायदेही बदलत होते. १९२१ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला. मात्र तो मालमत्तेच्या अटीवर होता, त्यामुळे फार थोड्या स्त्रियांना लाभला. १९२९ मध्ये शारदा कायदा संमत झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरले. आजच्या विद्यार्थिनीला हा आकडा धक्कादायक वाटेल. त्या काळच्या अनेकांना तोही फार मोठा वाटत होता.

रंगभूमी मात्र मागे होती. बालगंधर्वांच्या शालू-दागिन्यांची नक्कल घरोघरी होत होती, म्हणजे स्त्रीच्या वेशाचा आदर्श एक पुरुष नट ठरवत होता. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करणे प्रतिष्ठित घरांना मान्य नव्हते. बोलपट आला आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामतीच्या भूमिकेत दिसल्या, तेव्हा सुशिक्षित घरातील स्त्री पडद्यावर येण्यातील अडसर ढिला झाला.

जॅझ खेड्यात पोहोचला तो कसा

मुंबईत जॅझ कोण वाजवत होते? मोठ्या चित्रपटगृहांत मूकपट चालू असताना पडद्यासमोर वाद्यवृंद बसे. त्यात बरेच वादक गोव्याचे असत. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. समोरचा कागद वाचून वाजवणारा वादक मुंबईला तेथूनच मिळाला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदाच बोलू-गाऊ लागला. पडद्यासमोर वाजवण्याचे काम हळूहळू संपले. यंत्राने एक काम काढून घेतले, पण त्याच यंत्राने दुसरे निर्माण केले : वादक हॉटेलांच्या नाचघरांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गेले.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. गोव्याच्या वादकांना हे संगीत प्रत्यक्ष समोर बसून शिकता आले. त्यांपैकी अंतोनियो झेवियर वाझ पुढे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. नगर जिल्ह्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांच्या ‘अलबेला’सारख्या (१९५१) चित्रपटांत त्यांचे ट्रंपेट ऐकू येते. ताजमध्ये बसण्याची ऐपत असलेल्यांचे संगीत अशा रीतीने लग्नमंडपातल्या कर्ण्यापर्यंत आले. मात्र या प्रवासाला दोन दशके लागली. तोपर्यंत शहराबाहेर काय होते?

वर्तुळाची कड

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट आणि खात्रीने ऐकू येण्याची मर्यादा सुमारे ४८ किलोमीटर होती. नकाशावर दक्षिण मुंबईत कंपासाचे टोक ठेवून या त्रिज्येचे वर्तुळ काढावे. त्याची कड वसईच्या आसपास येते. विरार बाहेर राहते, चांदीप बाहेर राहते. अर्थात कड म्हणजे भिंत नव्हे. चांगली उंच तार बांधली तर पुढेही ऐकू येई. पण ती तार, काचनळ्यांचा महाग संच, त्याला लागणारी विद्युतघटमाला आणि वर्षाचे दहा रुपये परवानाशुल्क हे सर्व ज्याच्या घरी असेल त्याच्यासाठी. १९२७ च्या अखेरीस अख्ख्या देशातील परवाने साडेतीन हजारांच्या आसपास होते.

आता रेल्वे. वसई-विरारवरून गाडी जात होती ती १८६४ पासून. पश्चिमेकडील वाडीतली केळी, पाने आणि भाजी त्या गाडीने मुंबईच्या बाजारात जात. पण विजेची तार १९२८ मध्ये बोरिवलीला थांबली. ती विरारला पोहोचली १९३६ मध्ये. आणि विरार स्थानकाच्या पूर्वेला, चांदीपच्या बाजूला, पुढची वाट पायांची किंवा बैलगाडीची होती.

तार थांबत होती, पण उलट दिशेची वाहतूक थांबत नव्हती. तानसा नदीचे पाणी मुंबई १८९२ पासून पीत आली आहे. शहापूर तालुक्यात अडवलेली ही नदी धरणाखाली भिवंडी आणि वसई तालुक्यांतून वाहत जाऊन वैतरणेला मिळते. जंगलाच्या कुपांतील लाकूड, कोळसा आणि डोंगरउतारावरचे गवत ठाणे जिल्ह्यातून शहराकडे जाई. दशकाचा हिशेब मांडताना शहरातून खेड्याकडे काय आले एवढेच न पाहता खेड्यातून शहराकडे काय गेले हेही मांडायला हवे.

तारेपलीकडे जाऊ शकणारे एक यंत्र होते, ते म्हणजे किल्लीचा ग्रामोफोन. त्याला वीज लागत नसे. आवळलेल्या स्प्रिंगमधील ऊर्जा तबकडी फिरवायला पुरे. म्हणून सावकार-जमीनदारांच्या ओटीवर तो रेडिओच्या बराच आधी आला. शेतमजुराच्या झोपडीत यंत्रातला आवाज शिरण्यासाठी मात्र १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागावा लागला आणि त्यानंतरही बरीच वर्षे जावी लागली.

तारपा आणि सॅक्सोफोन

मग तारेपलीकडच्या पाड्यांवर संगीत नव्हते काय? नाच नव्हता काय? वसईच्या पूर्व भागात आणि तेथून उत्तरेला डहाणूपर्यंत वारली, मल्हार कोळी, काथोडी अशा आदिवासी जमातींची वस्ती आहे. भात तयार होऊ लागले की पाड्यावर तारपा वाजू लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा अशी याची घडण. नळ्यांत बारीक जिभल्या असतात. वादक भोपळ्यात हवा फुंकतो, जिभल्या कंप पावतात आणि नळीतील हवेचा स्तंभ त्यांच्याबरोबर निनादतो. भोपळा हवेची टाकी म्हणून काम करतो. वादक गालांतली हवा दाबत नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर मध्येच तुटत नाही.

सॅक्सोफोनमध्येही वेताची एक पट्टी कंप पावते आणि नळीतील हवा निनादते. ॲडॉल्फ सॅक्सने त्याचे पेटंट १८४६ मध्ये घेतले. तारप्याचे पेटंट कोणी घेतले नाही. दोन्ही वाद्यांचे पदार्थविज्ञान मात्र सारखे आहे. ताडाची पाने आणि पितळ यांत फरक आहे, तत्त्वात नाही.

वाद्यापेक्षाही नाच पाहण्यासारखा आहे. स्त्रिया आणि पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून एक साखळी करतात आणि तारपकऱ्याभोवती गोल फिरतात. पुढचा घुंगूरकाठी आपटून पाय बदलण्याची खूण देतो. हे रात्र-रात्र चाले. १९२० च्या दशकातील मुंबई-पुण्यात स्त्री-पुरुषांनी कमरेत हात घालून नाचणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण आणि संस्कृतीचा ऱ्हास असे मानत. त्याच वेळी साठ-सत्तर किलोमीटरवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते, आणि त्यात कोणाला गैर वाटत नव्हते.

इतर बाबतींतही असेच दिसते. वारल्यांचे लग्न लावते ती धवळेरी, म्हणजे एक स्त्री. विधवेचा पुनर्विवाह आणि काडीमोड या गोष्टी जमातीच्या रीतीत बसणाऱ्या होत्या. पुण्यात महर्षी कर्वे यांना १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्याबद्दल बहिष्कार सोसावा लागला होता, हे येथे आठवावे. कोणी म्हणेल की, मग हा समाज शहरापेक्षा पुढे होता. तसेही नाही. याच पाड्यांवर एखाद्या बाईला भुताळी ठरवून छळले जाई, लग्नासाठी देज द्यावे लागे आणि शाळा बहुधा नव्हतीच. एका मोजपट्टीवर पुढे असलेला समाज दुसऱ्या मोजपट्टीवर मागे असू शकतो.

वेठ

आणि मोजपट्ट्यांमध्ये एक अशी होती की तिच्यावर पाड्यांची स्थिती भीषण होती. ती म्हणजे श्रमाचे स्वातंत्र्य. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या बऱ्याच जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी फेडता फेडता वर्ष संपे. जमीनदार बोलावील तेव्हा बिनमजुरीने राबणे म्हणजे वेठ. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही त्या सावकाराचे ‘लग्नगडी’ होत आणि कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारसाठी केलेल्या पाहणीत ही स्थिती नोंदवली आहे.

जॅझ युगातील तरुणी स्वतःच्या पगाराने मोकळी झाली, असे आपण वर म्हटले. लग्नगड्याच्या बायकोला नाचायची मोकळीक होती, पण सकाळी कोणाच्या शेतावर जायचे हे ठरवण्याची नव्हती. टंकलेखिकेला स्वतःचा पगार होता, पण घरी स्वतःचे लग्न ठरवण्याची मुभा बहुधा नव्हती. दोघींपैकी स्वतंत्र कोण, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. म्हणूनच हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.

या दोन जगांना जोडणारी एक व्यक्ती त्याच दशकात पुण्यात शिकत होती : गोदावरी गोखले, पुढे गोदावरी परुळेकर. त्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या, कायद्याची पदवी घेतली आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. शिक्षणाने मध्यमवर्गीय मुलीला जी मोकळीक दिली ती घेऊन त्या १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर गेल्या. त्यांच्या व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली आणि लग्नगडी मोकळे झाले. ही हकिगत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात लिहिली आहे.

तेवढ्याने सर्वत्र वेठ संपली नाही. वेठबिगार रद्द करणारा देशव्यापी कायदा १९७६ मध्ये झाला. त्यानंतरही वसई तालुक्याच्या याच पूर्व भागात बांधील मजूर होते. १९८२ मध्ये विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने त्यांच्या मुक्तीचे काम केले. तोपर्यंत विरारला विजेची गाडी येऊन ४६ वर्षे झाली होती. तंत्र एक डोंगर ओलांडायला जितका वेळ घेते, त्याहून हक्काला अधिक वेळ लागू शकतो.

वर्गात काय करता येईल

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना हा विषय पुढील मार्गांनी देता येईल. पहिले, नकाशा. जिल्ह्याच्या नकाशावर ४८ किलोमीटरचे रेडिओवर्तुळ, १९२५, १९२८ आणि १९३६ ची विजेच्या रेल्वेची टोके आणि तानसा नदी दाखवावी. आपली शाळा कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला येते ते पाहावे.

दुसरे, प्रयोग. शीतपेयाच्या नळीचे एक टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापावे. दातांनी न चावता ओठांत हलके दाबून फुंकले की ती वाजते. वाजत असताना दुसरे टोक कात्रीने थोडे थोडे कापत गेले की सूर चढत जातो. कंप पावणारी जिभली आणि हवेचा स्तंभ हे दोन्ही यातून समजते. गावात तारपकरी असेल तर त्यांना वर्गात बोलवावे आणि वाद्याची घडण त्यांच्याकडूनच ऐकावी.

तिसरे, तक्ता. फळ्यावर पाच रकाने करावेत : यंत्र, वेश, विवाह, शिक्षण, श्रम. विद्यार्थ्यांनी घरातील व गावातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक रकान्यात वर्षे भरावीत. घरी वीज केव्हा आली, पहिली मुलगी दहावी केव्हा झाली, मजुरी रोख केव्हा मिळू लागली, लग्न स्वतःच्या पसंतीने केव्हा झाले. पाचही रकान्यांतील वर्षे सारखी येणार नाहीत. ती सारखी का आली नाहीत, आणि सर्वांत शेवटचे वर्ष कोणत्या रकान्यात आले, यावर चर्चा घ्यावी. एखाद्या रकान्यात वर्ष अजून भरता येत नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवून त्याविषयीही बोलावे.